पाळण्यात फक्त बाळच असावे

सोलापुरात मार्च सरता सरता पारा चाळिशीकडे झुकू लागतो. एप्रिल-मे महिन्यांत तर रात्रीचे दहा वाजले तरी पत्र्याच्या आणि सिमेंटच्या घरांच्या भिंती निवलेल्या नसतात. मोठी माणसे गच्चीवर किंवा अंगणात अंथरूण टाकून कशीबशी रात्र काढतात. घरात तान्हे मूल असेल, तर मात्र सारे घरच जागे राहते. बाळ किरकिरते, आई त्याला मांडीवर घेऊन बसते, आजी पाळण्याला झोके देते आणि पहाटे केव्हातरी सर्वांचाच डोळा लागतो.

बाळ झोपावे म्हणून अशा वेळी घरोघरी नाना उपाय केले जातात. कोणी साडीची झोळी बांधते, कोणी मऊ उशांची तटबंदी उभारते, कोणी गुटीत जायफळाचे चार वेढे जास्त उगाळते, तर कोणी सरळ मोबाइल हाती देते. यांतील काही उपाय निरुपद्रवी असतात; काही मात्र बाळाच्या जिवाशी खेळ ठरू शकतात. गेल्या तीन-साडेतीन दशकांत बालरोगशास्त्राने या विषयाचा कसून अभ्यास केला आहे. त्याचे सार एका वाक्यात सांगायचे, तर बाळाला झोपवण्यासाठी काही आणावे लागत नाही, बाळाभोवतीचे बरेच काही काढून घ्यावे लागते.

तान्ह्या बाळाची झोप वेगळी का?

नवजात बाळाला दिवस आणि रात्र यांतला फरक कळत नाही. अंधार पडल्यावर शरीरात झोप आणणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक ठरावीक लयीत स्रवू लागायला जन्मानंतर साधारण दोन ते चार महिने लागतात. त्याचे पोटही लहान असते, म्हणून दर दोन-तीन तासांनी दुधासाठी जाग येणे हे त्याच्या प्रकृतीचे लक्षण आहे, खोडी नव्हे. मोठ्या माणसाच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे दीड तासाचे असते, तर बाळाचे जेमतेम पाऊण ते एक तासाचे. त्यातही सुमारे निम्मा वेळ झोप 'सक्रिय' असते. या अवस्थेत बाळ हातपाय हलवते, हसते, कण्हते, क्षणभर डोळेही उघडते. ते जागे झाले, असे समजून लगेच उचलून घेतले, की मात्र ते खरोखरच जागे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिवसाच्या चोवीस तासांतील झोपेचे प्रमाण सुचवले आहे. पहिल्या तीन महिन्यांत १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांत १२ ते १६ तास, एक ते दोन वर्षांत ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांत १० ते १३ तास. दुपारची झोप त्यात धरलेली आहे. वाढीला लागणारे संप्रेरक गाढ झोपेत अधिक स्रवते आणि दिवसभरात शिकलेले पक्केही झोपेतच होते. त्यामुळे झोप हा वाया गेलेला वेळ नसून वाढीचाच वेळ आहे.

उताणेच का झोपवावे?

वरवर धडधाकट असलेले बाळ झोपेतच दगावते आणि कारण सापडत नाही, अशा घटना जगभर घडतात. यातील बहुतांश मृत्यू पहिल्या सहा महिन्यांत आणि विशेषतः दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात होतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंड, ब्रिटन आदी देशांतील संशोधकांच्या लक्षात आले, की पालथ्या झोपवलेल्या बाळांत हा धोका कितीतरी अधिक आहे. ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून बाळाला पाठीवर झोपवण्याचा सरकारी पातळीवर प्रचार झाला. पुढील काही वर्षांत अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. यासाठी ना नवे औषध लागले, ना नवे यंत्र.

आपल्याकडे बाळाला उताणे निजवण्याची पद्धत पूर्वापार आहे. मात्र 'पालथे झोपल्याने पोटातला वारा सरतो' किंवा 'उताणे झोपले तर दूध नाकात जाईल' अशा समजुतींपोटी अनेक घरांत बाळाला पालथे किंवा कुशीवर निजवतात. दुसरी भीती शरीररचनेच्या दृष्टीने खरी नाही. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. पोटातून वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरण्यासाठी वर चढावे लागते. पालथ्या स्थितीत नेमके उलट होते. कुशीवर निजवलेले बाळ सहज पालथे होते, म्हणून तीही स्थिती सुरक्षित नव्हे. दूध पाजल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावी आणि मग पाठीवर ठेवावे, हा क्रम योग्य.

बाळ स्वतःहून दोन्ही बाजूंनी कूस बदलू लागले, की झोपेत पालथे झाल्यास त्याला वारंवार उलटे करण्याची गरज नाही. झोपवताना मात्र पाठीवरच ठेवावे. पाठीवर निजल्याने डोके चपटे होईल, अशी चिंता अनेकांना वाटते. त्यावर मोहरीची उशी हा उपाय नाही, कारण तान्ह्या बाळाला उशीच नको. बाळ जागे असताना, समोर बसून, दिवसातून काही वेळा त्याला पालथे खेळू द्यावे. मानही बळकट होते आणि डोक्याचा आकारही सुधारतो.

पाळणा, झोळी आणि सोलापुरी चादर

बारशाला सजवलेला पाळणा डोळ्यांना कितीही सुखावत असला, तरी बाळ रोज निजताना त्यात त्याच्याशिवाय काही नसणेच चांगले. गादी सपाट आणि टणक हवी. बाळ ठेवल्यावर तिला खळगा पडता कामा नये. तिच्यावर घट्ट ताणून खोचलेला एक सुती कपडा पुरे. उशी, लोड, मऊ खेळणी, पाळण्याच्या कडांना लावलेल्या मऊ पट्ट्या, सैल दुपटी यांपैकी काहीही बाळाच्या तोंडावर आले, तर ते बाजूला सारण्याची ताकद त्याच्यात नसते. नाकातोंडापाशी साचलेली उच्छ्वासाची हवाच ते पुन्हा श्वासात घेत राहते. गळ्यातला ताईत, काळा दोरा, लोंबते गोंडे हेही झोपण्यापूर्वी काढून ठेवावेत.

साडीची किंवा धोतराची झोळी हा दक्षिण महाराष्ट्रापासून तमिळनाडूपर्यंतचा जुना परिपाठ. छताच्या कडीला किंवा तुळईला टांगलेली झोळी जागा अडवत नाही आणि एका पायाने झोका देत आईला घरकामही करता येते. पण झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि नाजूक श्वासमार्ग दबू शकतो. कापडाच्या घड्या तोंडावर येतात. थोडी मोठी मुले झोळीत खेळताना कापडाला पीळ पडून गळफास बसल्याच्या दुर्दैवी घटना भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून झोळी वापरायचीच, तर नजरेसमोर आणि थोड्या वेळापुरती वापरावी. बाळाचा चेहरा सतत दिसत राहील अशी ती बांधावी आणि डोळा लागला, की बाळाला सपाट अंथरुणावर ठेवावे. वापर नसताना ती वर गुंडाळून ठेवणे मोठ्या भावंडांसाठी आवश्यक आहे. रडणारे मूल गप्प करण्यासाठी झोळी हिसडणे किंवा बाळाला गदागदा हलवणे अत्यंत घातक असून त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

भौगोलिक मानांकन लाभलेली सोलापुरी चादर ही या शहराची शान आहे. तिची ऊब मोठ्यांसाठी आहे. थंडीत, अगदी संक्रांतीच्या गड्ड्याच्या दिवसांतही, तान्ह्याच्या अंगावर जाड चादर टाकण्यापेक्षा कपड्यांचा एक थर वाढवावा. आपल्याला जेवढे कपडे पुरतात, त्याहून एक अधिक, हा सोपा हिशेब. बाळाला दुपट्यात गुंडाळायचे असल्यास छातीशी बोटे शिरतील इतके सैल ठेवावे, पाय आत मोकळेपणी दुमडता आले पाहिजेत. पाय सरळ करून करकचून बांधल्याने खुब्याच्या सांध्याला अपाय होतो. बाळ कूस बदलण्याच्या बेतात आले, की गुंडाळणे पूर्ण थांबवावे.

उकाड्याशी गाठ

अति उष्णता हा झोपेतील आकस्मिक मृत्यूशी जोडलेला आणखी एक घटक. सोलापूरसारख्या शहरात तो विशेष महत्त्वाचा ठरतो. तान्ह्या बाळाच्या शरीरातील बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते. जन्मानंतर लगेच, तसेच कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला डॉक्टर टोपडे घालायला सांगतात, ते योग्यच असते. परंतु निरोगी, भरल्या वजनाच्या बाळाला मे महिन्यात घरातही टोपडे, मोजे आणि दुपटे चढवणे म्हणजे त्याच्या अंगातील उष्णता कोंडून ठेवणे होय.

बाळाला गरम होते का, हे त्याच्या हातापायांवरून ठरवू नये. ते एरवीही गार असतात. छातीला किंवा मानेच्या मागे हात लावून पाहावे. तेथे घाम किंवा चटका जाणवला, तर कपडे कमी करावेत. उन्हाळ्यात पातळ सुती झबले आणि लंगोट पुरतो. पंखा अवश्य लावावा. कूलर असल्यास त्याचा झोत थेट बाळावर येऊ देऊ नये आणि हवा खेळती राहण्यासाठी समोरची खिडकी किंचित उघडी ठेवावी. कूलरचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी कोरडी करावी, अन्यथा डेंग्यूच्या डासांची तेथे पैदास होते. जुन्या वाड्यांतील माळवदाखालच्या खोल्या पत्र्याच्या खोल्यांपेक्षा थंड असतात. घरात अशी खोली असल्यास दुपारची निज तेथे व्हावी. कितीही उकडले, तरी सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचे पाणी देऊ नये. आईच्या दुधात त्याला पुरेसे पाणी असते. फक्त उन्हाळ्यात ते अधिक वेळा पाजावे लागते.

डासांसाठी मच्छरदाणी हाच सर्वांत निर्धोक उपाय. ती ताणून बांधावी, बाळाच्या अंगावर लोंबू देऊ नये. डासांच्या अगरबत्तीचा धूर, न्हाऊ घातल्यानंतरची ओवा-धुपाची धुरी आणि बाळंतिणीच्या बाजेखालची कोळशाची शेगडी या तिन्ही गोष्टी बंद खोलीत टाळल्याच पाहिजेत. कोळशाच्या निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, त्यामुळे धोक्याची चाहूलही लागत नाही.

आईजवळ, पण स्वतःच्या अंथरुणावर

बाळाने निदान सहा महिने आईवडिलांच्या खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर झोपावे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. एक-दोन खोल्यांच्या घरात, जमिनीवर ओळीने अंथरुणे घालून झोपणाऱ्या कुटुंबाला हा सल्ला परका वाटेल. पण त्याचा गाभा आपल्या घरांतही पाळता येतो. आईच्या हाताच्या अंतरावर बाळाची स्वतंत्र, टणक, छोटी गादी घालावी. दूध पाजून झाले, की बाळाला तेथे ठेवावे. मोठे भावंड बाळाशेजारी झोपवू नये आणि गादी व भिंत यांत फट राहू देऊ नये.

बाळाला कुशीत घेऊन झोपणे कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी, तसेच शेजारी झोपणारी व्यक्ती धूम्रपान करणारी, मद्य किंवा गुंगीचे औषध घेतलेली असेल तेव्हा अधिक धोक्याचे असते. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीवर घेऊन डुलकी लागणे तर सर्वांत घातक. रात्री पाजताना झोप लागण्याची शक्यता असेल, तर सोफ्यापेक्षा उशा-पांघरुणे दूर सारलेल्या अंथरुणावर पाजणे अधिक बरे.

सोलापूरच्या संदर्भात तंबाखूचा विचार निराळा करावा लागतो. येथील हजारो स्त्रिया विड्या वळून संसार चालवतात आणि हे काम बहुधा घरातच होते. २००६ मध्ये कुंभारीजवळ विडी कामगारांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तर जानेवारी २०२४ मध्ये रे नगरमधील पहिली पंधरा हजार घरे कामगारांच्या हाती आली. घर हक्काचे झाले, तरी सूप मांडीवरच राहिले. बाळाचे अंथरूण सुपापासून शक्य तितके दूर, खिडकीच्या बाजूला असावे. बाळाला घेण्यापूर्वी आईने हात धुवावेत आणि रांगत्या मुलाच्या हाती तंबाखू लागणार नाही, अशी ती उंचावर ठेवावी. घरात विडी-सिगारेट ओढणे मात्र पूर्णपणे थांबलेच पाहिजे. गर्भारपणात आणि जन्मानंतर तंबाखूच्या धुराचा संपर्क हे झोपेतील मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक मानले जाते. ज्या घरात माग चालतो, तेथेही बाळाचे अंथरूण मागाच्या खोलीत नसावे. तिथला खडखडाट कानांना आणि हवेत तरंगणारे कापसाचे तंतू फुप्फुसांना बाधक ठरतात.

गुंगी म्हणजे झोप नव्हे

कष्टकरी आईच्या अडचणीतून जन्मलेल्या एका प्रथेचा इतिहास येथे आठवावा लागेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया पाळीवर जाताना बाळाला अफूची 'बाळगोळी' चाटवून जात. बाळ दिवसभर निपचित पडून राही. १९२०च्या दशकात सरकारने केलेल्या पाहणीत गिरणी कामगार स्त्रियांच्या बहुतेक बाळांना अफू दिली जात असल्याचे आढळले होते. दोष त्या आयांचा नव्हता. बाळाला सांभाळायला कोणी नव्हते आणि पाळणाघरे अपुरी होती.

अफू गेली, परंतु औषधाने झोप आणण्याचा मोह गेलेला नाही. सहाणेवर उगाळलेले जायफळ अधिक मात्रेत विषारी ठरते, आणि तान्ह्याला 'अधिक' म्हणजे किती, हे वेढ्यांवरून कळत नाही. गुटीतील मधही वर्षाच्या आत नको, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सर्दी-खोकल्याचे औषध गुंगी येते म्हणून झोपेसाठी पाजणे त्याहून घातक. दूषित कफ सिरपमुळे मध्य प्रदेशात बालके दगावल्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे स्पष्ट केले. गुंगीत पडलेले बाळ शांत दिसते. पण श्वास अडखळला तर जागे होण्याची त्याची स्वाभाविक शक्तीच क्षीण झालेली असते.

सवय कशी लागते?

पहिल्या तीन-चार महिन्यांत वेळापत्रकाचा आग्रह व्यर्थ असतो. तरीही पाया तेव्हाच घालता येतो. दिवसा खिडक्या उघड्या, घरात उजेड, बोलणे-चालणे नेहमीसारखे ठेवावे. रात्री मात्र मंद दिवा असावा आणि दूध पाजताना, लंगोट बदलताना बोलणे व खेळणे टाळावे. यातून शरीराला रात्रीची ओळख पटते.

चौथ्या महिन्यानंतर झोपण्यापूर्वीचा ठरावीक क्रम उपयोगी पडतो. अंग पुसणे, सैल कपडे, दूध, दिवा मंद करणे, अंगाई आणि अंथरूण. रोज तेच, त्याच क्रमाने. क्रम अर्ध्या तासापेक्षा लांबू नये. सोलापूरच्या वस्त्यांत मराठी अंगाई, कानडी जोगुळ, तेलुगू जोला पाट आणि उर्दू लोरी शेजारी शेजारी नांदतात. भाषा कोणतीही असो, तोच आवाज आणि तीच चाल रोज कानी पडणे, हीच बाळासाठी झोपेची सूचना असते. मोबाइलवर लावलेली अंगाई ते काम करत नाही, कारण तिच्यासोबत पडद्याचा प्रकाश येतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओवर बोलणे एवढाच अपवाद, असे म्हटले आहे. दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाची मर्यादा आहे.

बाळ पेंगुळलेले, पण पुरते झोपलेले नसताना अंथरुणावर ठेवणे ही या सवयीची किल्ली. जे मूल रोज मांडीवर हलतच झोपते, त्याला मध्यरात्री जाग आली, की पुन्हा मांडीच लागते. अंथरुणावर डोळा लागलेले मूल जागे झाल्यावर अनेकदा स्वतःहून झोपी जाते. कण्हण्याचा आवाज आल्यास क्षणभर थांबून पाहावे. भूक, ओला लंगोट, ताप किंवा डास यांमुळे रडत असेल, तर मात्र तत्काळ जवळ घ्यावे. तान्ह्याला रडू देऊन शिस्त लावण्याचा प्रयत्न कधीही करू नये. पहिल्या आठवड्यात हा क्रम फसेल, दुसऱ्यात थोडा जमेल. आजारपण, प्रवास, घरातले लग्नकार्य यांनी घडी मोडते. ती पुन्हा बसवता येते.

पाळण्यातून शाळेकडे

एक ते पाच वर्षांच्या मुलांची झोप बिघडते ती बहुधा मोठ्यांच्या वेळापत्रकामुळे. वडील पाळीवरून रात्री दहाला परततात, त्यानंतर जेवण, दूरचित्रवाणी आणि गप्पा. मूल अकरा-बाराला झोपते आणि सकाळी बालवाडीसाठी ओढून उठवले जाते. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे लक्ष वेधून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. परंतु सकाळचा वाचलेला वेळ रात्री मोबाइलवर गेला, तर या निर्णयाचा लाभ शून्य. सातला उठणाऱ्या चार वर्षांच्या मुलाची रात्रीची झोप दहा तासांची व्हायची, तर त्याने नऊपर्यंत झोपी गेले पाहिजे. वडिलांची भेट रात्रीऐवजी सकाळी घडवून आणणे अनेक घरांना शक्य आहे.

या वयात भीती, वाईट स्वप्ने, झोपेत किंचाळणे हे बहुधा तात्पुरते असते. मुलाला 'बागुलबुवा येईल' असे सांगून झोपवणे म्हणजे अंथरुणाशीच भीतीचे नाते जोडणे होय.

डॉक्टरांकडे केव्हा?

झोपेत श्वास वीस सेकंदांहून अधिक थांबणे, ओठ निळे पडणे, बाळ पाजण्यासाठीही न उठणे, तीन महिन्यांखालील बाळाला ताप येणे, यांपैकी काहीही आढळल्यास रात्र सरण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. रोज घोरणे, घोरताना श्वास अडखळणे, वजन न वाढणे यांसाठी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी पहिल्या बेचाळीस दिवसांत आशा कार्यकर्तीच्या सहा भेटी अपेक्षित असतात. त्या वेळी वजनाबरोबरच बाळाची झोपण्याची जागाही तिला दाखवावी आणि शंका विचाराव्यात.

सुरक्षित झोपेसाठी महागडे पाळणे, खास उशा किंवा बाजारातील नवनवी साधने लागत नाहीत. पाठीवर, टणक सपाट गादीवर, मोकळ्या आणि धूररहित हवेत, आईच्या हाताच्या अंतरावर बाळ निजले, की बरेच काही साधते. बाळाला पहिल्यांदा पाळण्यात घालण्याआधी या गोष्टी आजी, आजोबा आणि पाळणाघराच्या मावशी अशा सर्वांनाच सांगून ठेवाव्यात. बाळ एका रात्री एका व्यक्तीकडे असले, तरी नियम मात्र प्रत्येक रात्री तेच हवेत.